घरात माणसं चार, दुचाक्या तीन!

प्रश्न : आम्ही नवीन नाशिकमध्ये, पवननगरला राहतो. माझी नोकरी नाशिकरोडला. यजमान पूर्वी अंबडच्या एका कंपनीत होते, सायकलवर जायचे. आता सिन्नरजवळच्या माळेगाव एमआयडीसीत जातात. मुलगा गंगापूर रोडला कॉलेजात आहे. घरात माणसं चार आणि दुचाक्या तीन, तरी सासूबाईंना काळारामाच्या दर्शनाला न्यायला कुणी मोकळं नसतं. माझा भाऊ पुण्यात असतो. तो म्हणतो, 'तुमचं नाशिक बरं, निवांत आणि ऐसपैस.' नाशिकची वस्ती पुण्याच्या निम्मी आणि जागा जवळजवळ तेवढीच, मग इथे राहणं सोपं आणि स्वस्त नको का? शहराच्या नकाशाचा आमच्या घरखर्चाशी खरंच काही संबंध असतो, की आमचंच नियोजन चुकतंय?

उत्तर : आधी दिलासा देतो. तुमचं नियोजन चुकत नाही, आणि तुमच्या भावाचं म्हणणंही आकड्यांपुरतं खरं आहे. गफलत होते ती 'ऐसपैस' आणि 'सोपं' या दोन गोष्टी एकच धरल्यामुळे. ती गाठ एकेक पदर घेऊन सोडवू.

२०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेच्या हद्दीत १४ लाख ८६ हजार माणसं होती आणि हद्द होती साधारण २६० चौरस किलोमीटरची. त्याच वेळी पुणे महापालिकेत ३१ लाखांवर माणसं आणि हद्द सुमारे २४४ चौरस किलोमीटर. पुण्याची हद्द पुढे गावं सामील करून वाढली, पण तुलनेसाठी तेव्हाचे आकडे सोयीचे आहेत. चौरस किलोमीटरमागे पुण्यात जवळपास तेरा हजार माणसं, नाशकात पावणेसहा हजार. म्हणजे पुणेकराच्या दुपटीहून जास्त जागा नाशिककराच्या वाट्याला आली.

कागदावर आली, असं म्हणू. कारण सरासरी काढताना मळ्यातली मोकळी जमीनही तुमच्या-माझ्या नावावर मांडली जाते. भद्रकालीच्या बोळात किंवा तुमच्याच पवननगरच्या बाजारात संध्याकाळी सातला उभं राहून कुणाला पावणेसहा हजारांचा ऐसपैसपणा जाणवणार नाही. उलट मखमलाबाद, आडगाव, पिंपळगाव बहुला या बाजूंना हद्द महापालिकेचीच असून शेतं आणि मळे लागतात. तेव्हा नाशिक सगळीकडे सारखं विरळ नाही. ते दाट पुंजक्यांचं आणि त्या पुंजक्यांमधल्या सैल पट्ट्यांचं शहर आहे. तुमची तिसरी दुचाकी या पट्ट्यांमुळे आली आहे.

असे पुंजके पडले कसे?

कुणी एकाने बसून असं ठरवलं नाही. प्रत्येक पुंजक्याला वेगळं कारण आहे, आणि त्या त्या काळी ते कारण रास्तच होतं.

पहिला पुंजका नदीचा. गोदावरीच्या एका काठाला रामकुंड आणि पंचवटी, दुसऱ्या काठाला सराफ बाजार, भांडी बाजार, रविवार कारंजा, भद्रकाली. यात्रेकरू आला की त्याला उपाध्याय लागतो, उतरायला वाडा लागतो, गंगेचं पाणी न्यायला तांब्या लागतो, घरी न्यायला चिवडा लागतो. तो पायी फिरणार, म्हणून हे सगळं घाटापासून चालत जाण्याच्या अंतरावर वसलं. दोन काठ जोडणारा होळकर पूल १८९५ सालचा.

दुसरा पुंजका रेल्वेचा. कसाऱ्याचा घाट चढून आलेली रेल्वे गावात शिरली नाही. स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर बसलं. हे अंतर तेव्हाही जाचत होतं. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टेशन ते गाव अशी घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली आणि काही दशकं चालली. पुढे १९२० च्या दशकात स्टेशनाजवळ इंडिया सिक्युरिटी प्रेस आली, १९२८ साली करन्सी नोट प्रेस आली. देवळालीची लष्करी छावणी जवळच होती. प्रेसचे कामगार राहू लागले, बिटको चौकात बाजार भरला, शाळा निघाल्या, आणि नाशिकरोड हे स्वतःच्या पायावर उभं असलेलं वेगळं गाव झालं.

तिसरा पुंजका कारखान्यांचा. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. त्र्यंबक रस्त्यावर सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, पुढे मुंबई-आग्रा महामार्गाच्या अंगाला अंबडची. मायको, म्हणजे आजची बॉश, आणि महिंद्र यांसारख्या मोठ्या कंपन्या आल्या, त्यांच्यामागे त्यांना सुटे भाग पुरवणारे लहान कारखाने आले. या कामगारांनी राहायचं कुठे? म्हणून सत्तरच्या दशकात सिडकोकडे काम सोपवलं गेलं आणि सहा योजनांमध्ये छोटी-छोटी घरं बांधली गेली. तुमचं पवननगर हे त्यातलंच.

चौथा पुंजका शिक्षणाचा. १९१४ साली स्थापन झालेली मराठा विद्या प्रसारक संस्था, १९२४ साली सुरू झालेलं हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय अशा संस्थांच्या आधाराने गंगापूर रोड आणि कॉलेज रोड फुलले. कॉलेजांमागून क्लास आले, क्लासमागून खानावळी, दवाखाने, कपड्यांची मोठी दुकानं.

७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि आसपासची वीसहून अधिक खेडी एकत्र करून महापालिका झाली. घरपट्टीची पावती एक झाली, महापौर एक झाला. पण एकत्र कुटुंबात छप्पर एक आणि चुली चार असाव्यात तसं चाललं. प्रत्येक पुंजक्याचा बाजार वेगळा, रोजगार वेगळा आणि ओढही वेगळीच राहिली.

चुली वेगळ्या असल्या म्हणून बिघडलं काय?

यासाठी शहर आपल्याला नेमकं देतं काय ते पाहावं लागेल. गर्दी, धूर आणि महागाई सोसून माणसं शहरात राहतात, कारण जवळजवळ असण्याचा फायदा मिळतो. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० सालच्या आपल्या ग्रंथात हा फायदा तीन भागांत मांडला: कामाला माणूस आणि माणसाला काम चटकन मिळतं; एका धंद्याला लागणारे दुसरे धंदे शेजारीच उभे राहतात; आणि कसब, माहिती, युक्त्या एकाकडून दुसऱ्याकडे आपोआप जातात.

हे तिन्ही फायदे बघायला इंग्लंडला जायला नको. अंबडच्या एखाद्या लहान शेडमध्ये अर्धा दिवस थांबा. सकाळी सीएनसी लेथवर शाफ्ट वळवून होतो. मालक चलन फाडतो आणि क्रेट टेम्पोत चढतात. माल थोडा असेल तर क्रेट स्कूटरच्या पायाशीही मावतं. दोन गल्ल्यांपलीकडे हीट ट्रीटमेंटवाला आहे. तिथून कडक होऊन आलेला जॉब तिसऱ्याकडे ग्राइंडिंगला जातो, चौथ्याकडे प्लेटिंगला. चारपैकी एकाही मालकाने सगळी यंत्रं घेतलेली नाहीत, कुणाला तेवढं भांडवलच परवडलं नसतं. शेजार आहे म्हणून चार छोट्या शेड मिळून एका मोठ्या कारखान्याचं काम करतात. हीच चार कामं नाशिकरोड, आडगाव, सातपूर अशी विखुरली असती, तर नफा टेम्पोभाड्यातच गेला असता.

तिथल्याच चहाच्या टपरीवर कान दिलात, तर मार्शलचा पहिला आणि तिसरा मुद्दाही ऐकू येईल. कुठे ऑपरेटर हवाय, कुठे ओव्हरटाइम वेळेवर मिळतो, कुठल्या शेडमध्ये नवं मशीन आलंय, याची चर्चा एका कटिंगच्या वेळात होऊन जाते. एका कंपनीतून कमी केलेला माणूस रस्ता ओलांडून दुसरीकडे लागतो. त्याला घर बदलावं लागत नाही.

म्हणजे पुंजका वाईट नाही. पुंजक्याच्या आत फायदा भरपूर आहे. अडचण येते ती एका पुंजक्यातल्या माणसाला दुसऱ्यातली संधी हवी असते तेव्हा. शहराचा खरा आकार जनगणनेत मोजत नाहीत. तो तुमच्या पल्ल्यात मोजायचा असतो. घरातून निघून पाऊण तासात, परवडणाऱ्या खर्चात, तुम्ही किती नोकऱ्यांपर्यंत, किती दवाखान्यांपर्यंत, किती शाळांपर्यंत पोहोचू शकता? तेवढंच शहर तुमचं. नाशिकरोडजवळच्या दसक-पंचकला राहणाऱ्या एखाद्या बाईला गाडी चालवता येत नसेल, तर सातपूरची चांगल्या पगाराची नोकरी तिच्या दृष्टीने दुसऱ्या जिल्ह्यातच आहे. शहर पंधरा लाखांचं, पण तिच्या पदरात पडतो तो नाशिकरोडपुरता तुकडा. त्या नोकरीला माणूस मिळत नाही म्हणून सातपूरचा मालकही हळहळतो. तोटा दोघांचा होतो आणि तो कुठल्याच हिशेबवहीत दिसत नाही.

बस असताना ही वेळ का यावी?

इथे थोडं गणित करू. महापालिकेचे सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड. सगळ्यांचं काम एकाच विभागात असतं, तर उरलेल्या पाच विभागांतून तिथे येणारे पाच मार्ग पुरले असते. आणि ते पाचही भरून धावले असते. पण तुमच्या घरातच बघा, सकाळी तिघांची तोंडं तीन दिशांना. सगळ्या विभागांतून सगळ्या विभागांत जायचं म्हटलं की जोड्या होतात पंधरा. प्रवासी तेवढेच, मार्ग तिप्पट. म्हणजे प्रत्येक मार्गाच्या वाट्याला प्रवासी थोडे.

प्रवासी थोडे म्हणून बस कमी. बस कमी म्हणून ताटकळणं जास्त. ताटकळून कंटाळलेला माणूस हप्त्याने दुचाकी घेतो, आणि बसचा आणखी एक प्रवासी कमी होतो. पूर्वी शहर बस एसटी महामंडळ चालवायचं. जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक धावते. गाड्या नव्या आल्या, तिकीट मोबाइलवर आलं, पण पंधरा जोड्यांचं गणित गाडीचा रंग बदलून सुटत नाही. बस चालवणारे निष्काळजी असतात, हा सोपा समज इथे बाजूला ठेवावा लागतो. अशा आकाराच्या शहरात चांगल्यात चांगली बससेवासुद्धा तोट्याशी झगडतच धावते.

आता खर्च बघू. तुमचं जाणं-येणं रोज २४ किलोमीटर धरलं, तर महिन्याच्या २५ दिवसांत ६०० किलोमीटर होतात. लिटरला पंचेचाळीस-पन्नासचा पल्ला आणि शंभरीपार गेलेलं पेट्रोल, म्हणजे तेराशे रुपयांच्या आसपास. यजमानांचं अंतर तुमच्या अडीच पट, तेव्हा त्यांचे तीन हजारांच्या वर. मुलाचे सहा-सातशे. तिघांचे मिळून पाच हजार गेले; गाड्यांचे हप्ते, विमा, टायर-ट्यूब निराळेच. पवननगरचं घर कॉलेज रोडपेक्षा स्वस्त पडलं खरं, पण त्या स्वस्ताईतला काही भाग तुम्ही दर महिन्याला पंपावर परत करत आहात. नकाशाचा आणि घरखर्चाचा संबंध विचारलात ना, तो असा आहे.

या खर्चाचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. चारचाकीवाल्याला पुंजक्यांमधलं अंतर म्हणजे वीस मिनिटांची गाणी. दुचाकीवाल्याला तो पेट्रोलचा आणि कंबरदुखीचा प्रश्न. ज्यांना गाडी चालवता येत नाही किंवा परवडत नाही, त्यांना तर तो दाराचा उंबरठाच होऊन बसतो. मोलकरणी, रोजंदारीचे मजूर, शाळकरी मुली आणि तुमच्या सासूबाई, सगळे या शेवटच्या गटातले.

मग कामाजवळ घर, हा उपाय नाही का?

हा समज फार लोकप्रिय आहे आणि तो अर्धाच बरोबर आहे. सिडकोने नेमकं हेच केलं होतं. अंबड-सातपूरच्या कामगारांना त्यांच्या कारखान्याजवळ घर. पहिल्या पिढीला ते फळलंही. तुमचे यजमान सायकलवर जात होतेच. पण नोकरी बदलते, कंपनी हलते, आणि घराचा हप्ता वीस वर्षं तिथेच असतो. शिवाय घरात कमावणारी माणसं आता दोन. नवऱ्याच्या कामाजवळ घर घेतलं तर ते बायकोच्या कामाजवळ असेलच असं नाही. आलाँ बेर्तो हे शहररचनेचे अनुभवी अभ्यासक २०१८ सालच्या आपल्या पुस्तकात याच मुद्द्यावर भर देतात: शहर हा मुळात रोजगाराचा एक सलग बाजार आहे, त्याचे स्वयंपूर्ण तुकडे पाडले की बाजाराची ताकदच जाते.

तरी अर्धा भाग बरोबर आहे, तोही सोडू नये. सगळ्याच गोष्टी दूर असून चालत नाहीत. १९३३ साली वॉल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने दक्षिण जर्मनीतल्या गावांचा अभ्यास करून एक साधी गोष्ट दाखवली. रोज लागणारी वस्तू घराजवळ मिळावी लागते, क्वचित लागणारी लांब असली तरी चालते. भाजी, पिठाची गिरणी, प्राथमिक शाळा, तापाचं औषध देणारा डॉक्टर हे चालत जाण्याच्या अंतरावर हवं, आणि याबाबतीत सिडकोच्या वस्त्या खरोखर चांगल्या आहेत. त्रिमूर्ती चौक ते पवननगर या पट्ट्यात रोजच्या गरजेसाठी गाडी काढावी लागत नाही. हृदयरोगाचा तज्ज्ञ, इंजिनिअरिंगचं कॉलेज, आवडीची नोकरी या गोष्टी मात्र प्रत्येक नगरात मिळणार नाहीत. त्या पोहोचण्याजोग्या असल्या की पुरे. थोडक्यात, रोजचं जवळ हवं आणि कधीमधीचं जोडलेलं हवं. नाशकात पहिलं बऱ्यापैकी साधलं आहे, दुसरं राहिलं आहे.

सगळं मधोमधच का नाही भरून काढत?

मोकळे पट्टे भरा, मध्यभागी उंच इमारती बांधा, असंही कुणी सुचवेल. पुष्कळ शहरांत ते चालतं. नाशिकच्या मध्याला मात्र नदी आहे, आणि ती अधूनमधून आपली जागा मागते. सप्टेंबर २००८ मध्ये गोदावरीचं पाणी सराफ बाजारात आणि भांडी बाजारात शिरलं होतं. आजही पावसाळ्यात नाशिककर धरणाच्या विसर्गाचे आकडे वाचतात, पण पूर मोजतात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, मारुती बुडाला, ही सगळ्यांना कळणारी मापं. नदीकाठच्या बांधकामाला निळ्या आणि लाल पूररेषांचं बंधन आहे. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम करायचं नसतं. पुढे तपोवनात कुंभमेळ्यासाठी साधुग्रामची जागा राखावी लागते. २००३ आणि २०१५ नंतर आता २०२७ चा कुंभ येतो आहे. म्हणजे इतर शहरांचा मध्यभाग जसा उंच आणि दाट होत जातो, तसा नाशिकचा होऊ शकत नाही आणि होऊही नये. वाढ बाहेरच्या बाजूला ढकलली जाते ती यामुळेही.

पुंजके तर राहणारच आहेत, तेव्हा त्यांच्यामधले सांधे चांगले करणं हाच मार्ग उरतो. नकाशावर बोट ठेवून बघा. नाशिकरोडचा बिटको चौक, दत्तमंदिर, उपनगर, द्वारका, सीबीएस, त्र्यंबक नाका आणि पुढे सातपूर, ही जवळजवळ एकच सलग रेघ आहे. चारही पुंजके या रेघेवर किंवा तिच्या अंगावर आहेत. पंधरा जोड्यांसाठी पंधरा मार्ग तुरळक चालवण्यापेक्षा या एका रेघेवर दर पाच-सात मिनिटांनी गाडी आणि तिला येऊन मिळणारे छोटे फाटे, अशी मांडणी केली, तर बहुतेक प्रवास एकदा गाडी बदलून होतील. गाडी बदलणं त्रासाचं असतं ते पुढची कधी येईल याचा भरवसा नसतो म्हणून. ती सात मिनिटांत येणारच असेल, तर सत्तरीच्या बाईसुद्धा पंचवटीला एकट्या जातील.

याच विषयावर आलेले तीन छोटे प्रश्न

प्रश्न : भांडी बाजारात एकसारख्या भांड्यांची दुकानं एकमेकांना चिकटून आहेत. सराफ बाजारातही तेच. आपल्याच मालाच्या दुकानाशेजारी दुकान टाकणं म्हणजे पायावर धोंडा नाही का? (पंचवटीचे एक वाचक)

उत्तर : गिऱ्हाइकाच्या बाजूने विचार केलात की कोडं सुटेल. लग्नाची भांडी घेणारं कुटुंब एकाच दुकानात जाऊन समाधानी होत नाही. चार ठिकाणी वजन, घडण आणि भाव बघतं. चारही दुकानं एका गल्लीत असतील तर ते त्या गल्लीत येतं, नाहीतर कुठेच जात नाही. म्हणजे शेजारचा दुकानदार तुमची दहा गिऱ्हाइकं नेतो, पण तुमच्या दारापर्यंत पन्नास आणतो. शिवाय कल्हईवाला, डाग देणारा, वजनकाटा दुरुस्त करणारा असे जोडधंदे त्याच परिसरात पोसले जातात. वरच्या उत्तरातल्या अंबडच्या शेडचं तत्त्व इथेही तेच. मीठ किंवा दूध घ्यायला मात्र कुणी चार दुकानं हिंडत नाही, म्हणून किराणा दुकानं गल्लोगल्ली विखुरलेली असतात.

प्रश्न : एवढा मोठा उड्डाणपूल झाला, कुंभमेळ्यांच्या निमित्ताने रिंगरोड झाले, तरी द्वारकेची कोंडी सुटत नाही. आणखी रुंद रस्ते हाच उपाय ना? (वडाळा रोडचे एक वाचक)

उत्तर : उड्डाणपूल बांधला तो मुंबईहून धुळ्याकडे जाणाऱ्या वाहतुकीसाठी. ते काम तो चोख करतो. पण द्वारकेला अडकलेल्या माणसाला बहुधा धुळ्याला जायचं नसतं, त्याला नाशिकरोडहून सीबीएसला यायचं असतं. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता तिथे एकमेकांना छेदतात, म्हणजे पूर्वेचे आणि पश्चिमेचे पुंजके तिथेच भेटतात. वरून गेलेला पूल त्यांच्या भेटीत काही मदत करत नाही.

रुंद रस्त्याचं आणखी एक गंमतीचं लक्षण आहे. तो झाला की पलीकडचे प्लॉट 'शहरापासून फक्त दहा मिनिटं' या जाहिरातीने विकले जातात. लोक तिथे राहायला जातात, आणि सकाळी त्याच रस्त्याने परत येतात. थोड्या वर्षांत रस्ता पुन्हा भरतो, शहर मात्र आणखी लांबलेलं असतं. एका पट्ट्यात दुचाक्यांवरून जितकी माणसं जातात, त्याच्या कितीतरी पट बसमधून जाऊ शकतात. म्हणून रस्ता किती रुंद यापेक्षा त्यावरून तासाला किती माणसं जातात हा प्रश्न जास्त कामाचा. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकसाठी टायरवर धावणाऱ्या मेट्रोची आणि २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली होती. तिची वाट बघत बसण्यापेक्षा आहे त्या रस्त्याची एक लेन बसला देणं किती तरी कमी खर्चाचं आहे.

प्रश्न : माझं लग्न ठरलं आहे. मी सातपूरला नोकरी करतो, होणारी पत्नी नाशिकरोडच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. घर कुठे घ्यावं? म्हसरूळकडे बजेटात मोठा फ्लॅट मिळतोय. (सातपूरचे एक वाचक)

उत्तर : अभिनंदन! फ्लॅट मोठा आहे म्हणून लगेच हो म्हणू नका. कागदावर दोन रकाने करा. पहिल्यात घराचा हप्ता आणि देखभाल लिहा. दुसऱ्यात दोघांचं महिन्याचं पेट्रोल किंवा तिकीट, गाड्यांचे हप्ते, आणि रोज वाटेत जाणारे तास. म्हसरूळहून तुमचं काम एका टोकाला आणि पत्नीचं दुसऱ्या टोकाला आहे. तिच्या रात्रपाळ्याही धरा. मग द्वारका, मुंबई नाका, त्र्यंबक नाका या मधल्या रेघेजवळच्या लहान फ्लॅटची तशीच बेरीज करा. बहुतेक वेळा लहान फ्लॅट वाटतो तितका महाग पडत नाही.

आणखी एक बघा. आजच्या नोकऱ्यांपुरता विचार करू नका. दोघांपैकी एकाची नोकरी येत्या दहा वर्षांत बदलणार हे धरून चाला. मधल्या रेघेवरचं घर तेव्हाही उपयोगी पडतं, कारण तिथून सगळ्याच पुंजक्यांकडे वाट आहे. टोकावरचं घर एकाच नोकरीशी लग्न लावतं. घर बघायला मात्र रविवारी दुपारी जाऊ नका, दलाल तेव्हाच नेतो. सोमवारी सकाळी नऊला त्या घरापासून पत्नीच्या रुग्णालयापर्यंत बसने जाऊन बघा, आणि रात्री आठनंतर बसनेच परत या. शेवटची बस मिळाली नाही, तर त्या फ्लॅटच्या किमतीत एक दुचाकी मिळवूनच भाव ठरवा.